तोफा वितळवून नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांच्यामागे उभी राहिलेली माणसं

पलूस : पुण्याकडून मिरजेला जाणाऱ्या गाडीत ताकारी मागे पडलं की किर्लोस्करवाडी स्टेशन येतं. रोज ये-जा करणाऱ्यांना या नावाचं आता काही विशेष वाटत नाही. पण १९१० च्या आधी ही वाडीच नव्हती. स्टेशनचं नाव होतं कुंडल रोड. आजूबाजूला होता निवडुंग, साप आणि ओसाड माळ. माणसं राहायला यावीत असं तिथं काहीच नव्हतं.

आज २० जून, लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची जयंती. दरवर्षी या दिवशी त्यांच्या जिद्दीची गोष्ट सांगितली जाते आणि ती खोटीही नाही. पण ही गोष्ट एकट्या माणसाची म्हणून सांगितली की तिचा अर्धा भाग गळून जातो. सध्या जिकडं-तिकडं स्टार्टअपची चर्चा आहे. यंत्रं देशातच बनली पाहिजेत, त्यासाठी नव्या कारखानदाराला जागा, बिनव्याजी पैसा, कच्चा माल, कसबी हात आणि पहिलं गिऱ्हाईक मिळवून देणारी साखळी हवी, असं सगळेच म्हणतात. अशी एक साखळी आपल्याच भागात शंभर वर्षांपूर्वी तयार झाली होती. त्यात कुणी राजा होता, कुणी भाऊ होता, कुणी शाळेत नापास झालेला पोरगा होता, कुणी तुरुंगातून सुटून आलेला रखवालदार होता. मधे उभे होते लक्ष्मणराव.

त्यांचा जन्म १८६९ चा. गाव गुर्लहोसूर, त्या वेळच्या बेळगाव जिल्ह्यातलं. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावात जन्मलेले. एकाच गावातून एक किर्लोस्कर रंगभूमीवर गेला आणि एक भट्टीजवळ, असं म्हणायला हरकत नाही. लक्ष्मणरावांचं लक्ष शाळेच्या पुस्तकात फारसं नव्हतं. आवड दोनच गोष्टींची, चित्रं काढायची आणि यंत्रं उलगडून बघायची.

चित्रकलेसाठी ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोनेक वर्षं झाली आणि लक्षात आलं की डोळ्यांना सगळे रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला यापेक्षा मोठा फटका कोणता? रंगाचा रस्ता बंद झाला. रेषा मात्र हातात पक्की होती. म्हणून ते यंत्रांच्या आराखड्यांकडं वळले. नुकत्याच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना शिकवायची नोकरी मिळाली. आराखडे शिकवता शिकवता ते तिथल्या यंत्रशाळेत रमले. कोणता भाग कशावर फिरतो, कुठं झिजतो, कसा घडवतात, हे त्यांनी हात काळे करून शिकून घेतलं. कागदावरची रेष आणि लोखंडावरची धार यांच्यामधली वाट त्यांना इथं सापडली.

याच काळात सायकल हे नवं वाहन देशात येत होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकल पाठवायचे आणि बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा ती विकायचे. नुसती विकायचे नाहीत, घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवायचे. ही गोष्ट छोटी वाटते, पण पुढचं सगळं इथंच ठरलं. यंत्र विकायचं तर ते वापरायला शिकवावं लागतं आणि बिघडलं तर दुरुस्त करून द्यावं लागतं, हे किर्लोस्कर बंधूंना सायकलीनं शिकवलं. कंपनी आपला जन्म १८८८ सालचा मानते तो या दुकानामुळं.

संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना न देता एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. काम येत होतं, पण कातडीचा रंग आड आला. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

दोन वर्षं पडून राहिलेला नांगर

बेळगावात सायकलींच्या जोडीला पवनचक्क्या विकणं, बसवणं सुरू झालं. मग स्वतःचं काहीतरी बनवायचं ठरलं आणि पहिलं यंत्र निघालं ते कडबा कापायचं. निवड नीट बघण्यासारखी आहे. शहरातल्या श्रीमंताला हवं ते न करता शेतकऱ्याच्या गोठ्यात रोज लागणारं यंत्र त्यांनी घेतलं. आख्खा कडबा जनावरापुढं टाकला की निम्मा तुडवला जातो. बारीक केला तर खाल्ला जातो. दुष्काळी भागात याचा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

नंतर आला लोखंडी नांगर. इंग्लंडहून येणारे नांगर बघून, ते आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना जुळतील असे करायचे, हा विचार. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, लोखंडी नांगर ती उलथतो. काळ्या रानात हरळी आणि कुंदा एकदा पसरला की लाकडी नांगरानं निघत नाही, मुळ्या खोल जातात. ज्यांनी कुंद्याचं रान साफ केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. लोखंडी नांगर हे तण मुळासकट वर काढू शकत होता.

तरीही तो खपेना. लोखंडामुळं जमिनीत विष भिनतं, रान नापीक होतं, असा समज होता. नांगर गावात घेऊन जायचा, दाखवायचा, लोक बघायचे आणि निघून जायचे. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. आज आपण शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसू शकतो, पण त्याच्या बाजूनंही बघितलं पाहिजे. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यात करून द्यायचा, फाळ लोहार शेवटून द्यायचा, रोख पैसा लागायचा नाही. लोखंडी नांगराला रोख मोजायची, ओढायला जास्त बैल जुंपायचे, आणि ओतीव लोखंडाचा फाळ झिजला तर गावचा लोहार तो ठोकून पुन्हा धारेला आणू शकत नव्हता. नवा फाळच आणावा लागायचा. तो कुठून आणायचा? पेरणी तोंडावर आलेली असताना फाळ मोडला तर काय? विषाची समजूत ही वरची गोष्ट होती. खाली हा व्यवहाराचा प्रश्न होता.

त्याचं उत्तर नुसत्या चांगल्या नांगरात नव्हतं. फाळ मऊ पडला तर मातीत घासून जातो, फार कडक झाला तर दगडाला लागून तुटतो. तेव्हा ओतकामात सुधारणा हवीच होती. पण त्याच्याइतकंच गरजेचं होतं ते मोडलेल्या भागाचा जोडीदार वेळेवर शेतकऱ्याच्या हातात पडणं. नांगराबरोबर सुटे भाग, भागांबरोबर विक्रेता आणि विक्रेत्याबरोबर विश्वास, असं सगळं जोडल्याशिवाय ते यंत्र गावात टिकणार नव्हतं.

हे जुळून यायच्या आतच बेळगावचा कारखाना उठवायची वेळ आली. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी होती. लक्ष्मणरावांनी चाळिशी गाठलेली, नांगर नुकताच कुठं लोकांच्या पसंतीला उतरू लागलेला, हाताखाली माणसं, त्यांची बायकापोरं. आणि जायचं कुठं, याचा पत्ता नाही. अशा जागी अनेक कारखाने कायमचे बंद होतात आणि त्यांची नावंही राहत नाहीत.

औंधचा राजा आणि कुंडल रोडचा माळ

इथं साखळीतली सगळ्यात मोठी कडी येते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक, कलेचे संग्राहक. १९०९ मध्ये ते गादीवर आले. लक्ष्मणरावांशी त्यांची मैत्री होती. त्यांनी लक्ष्मणरावांना औंधला यमाईच्या देवळाचा सभामंडप उभारायचं काम दिलं. कारखाना बंद, हाताला काम नाही, अशा वेळी मिळालेलं ते काम म्हणजे नुसती मजुरी नव्हती. माणसं एकत्र राहिली, पांगली नाहीत. कसबी माणूस एकदा पांगला की परत गोळा होत नाही, हे आजही कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारावं.

मग राजांनी पुढचं पाऊल टाकलं. दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज आणि संस्थानच्या हद्दीत हवी ती जागा. औंध संस्थान एकसलग नव्हतं. औंध, आटपाडी, कुंडल असे तुकडे ब्रिटिश मुलखात विखुरलेले होते. लक्ष्मणरावांनी राजधानीजवळची जागा मागितली नाही, आटपाडीकडची मोकळी रानंही घेतली नाहीत. त्यांनी बोट ठेवलं कुंडल रोड स्टेशनजवळच्या ३२ एकर माळावर.

का? रूळ होते म्हणून. नांगराच्या कारखान्याला लोखंड आणि कोळसा टनानं लागतो, तो बैलगाडीनं आणून परवडत नाही. तयार नांगरही वजनदार. पुणे-मिरज मीटर गेज मार्ग दारात होता. जमीन नापीक असली तर असू दे, तिच्यावर पीक घ्यायचं नव्हतं. जागा निवडताना पाणी, सावली आणि शेजार यापेक्षा वाहतूक आधी बघितली, ही त्या माणसाची नजर होती.

मार्च १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं त्या माळावर उतरली. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, भट्टीसाठी छप्पर करायचं आणि राहायला झोपड्या घालायच्या, हे सगळं एकाच वेळी चाललं होतं. इंग्लंड-अमेरिकेत काही उद्योजकांनी कारखान्याभोवती कामगारांसाठी नीटनेटकी गावं वसवल्याचं लक्ष्मणरावांनी वाचलं होतं. तसंच गाव त्यांना इथं हवं होतं. फक्त तिकडं आधी पैसा होता आणि मग गाव झालं. इकडं दोन्ही बरोबरच सुरू झालं.

गाव वसवायचं काम रामूअण्णांनी अंगावर घेतलं. घरं, रस्ते, झाडं, पाणी, कुणाच्या घरी काय हवं-नको, भांडण झालं तर मिटवणं. बेळगावात सायकल शिकवणारा हा माणूस इथं गावचा कारभारी झाला. शंभुराव जांभेकर यंत्रांचे जाणकार. हिशेब आणि पत्रव्यवहार मंगेशराव रेग्यांकडं. अनंतराव फळणीकर शाळेच्या परीक्षेत न टिकलेले, पण यंत्राच्या डोक्याचे. त्यांच्यातला इंजिनिअर या माळावर तयार झाला. आजच्या भाषेत ज्याला टीम म्हणतात ती ही. एखाद्या कंपनीनं मुलाखत घेऊन यांतल्या किती जणांना ठेवून घेतलं असतं, शंकाच आहे.

रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना ठेवलं. लोकांना ते वेडेपणाचं वाटलं असणार. पण राखण चोख झाली. योगायोग असा की पुढं १९३९ मध्ये औंध संस्थानानंच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथं कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. त्याच्या कितीतरी आधी किर्लोस्करवाडीच्या फाटकावर तो प्रयोग होऊन गेला होता.

जातीपातीचे निर्बंध या वसाहतीत चालायचे नाहीत, असा लक्ष्मणरावांचा कटाक्ष होता. त्या काळी खेड्यात पाणवठेही वेगळे होते. कारखान्यात मात्र एकाच भट्टीवर सगळ्यांना काम करायचं होतं. अर्थात ही वसाहत मालकाच्या शब्दावर चालणारी होती. शिस्त, स्वच्छता, व्यसनाला बंदी, सगळं वरून ठरायचं. काहींना त्याचा आधार वाटला असेल, काहींना जाच.

लोखंड संपलं तेव्हा

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. एका बाजूनं फायदा झाला. विलायती नांगर येईनासे झाले आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. दुसऱ्या बाजूनं गळा आवळला गेला, कारण कच्चं लोखंड, कोळसा, रंग यांची टंचाई पडली. मागणी दारात उभी आणि भट्टीत घालायला लोखंड नाही. नव्या कारखान्याला मागणी नसण्यापेक्षा हे जास्त जिव्हारी लागतं. गिऱ्हाईक एकदा रिकाम्या हातानं परत गेलं की त्याला पुन्हा आणणं अवघड.

या वेळी मदत आली कोल्हापूरकडून. राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांच्या ओतकामातून नांगर निघाले. या गोष्टीत नाट्य आहे म्हणून ती वारंवार सांगितली जाते. पण तिच्यातली व्यवहाराची बाजू लक्षात घ्यायला हवी. ज्या तोफांना आता शत्रू उरला नव्हता, त्या किल्ल्यावर ठेवून काही उपयोग नव्हता. ज्या कारखान्याला लोखंड मिळत नव्हतं त्याच्यासाठी ती खाणच होती. दोन्ही बाजू एकमेकांना ठाऊक असणं आणि मधे अडथळा न येणं, एवढ्यानं काम झालं. शाहू महाराज शिक्षणात, सामाजिक न्यायात जसे पुढं होते, तसे उद्योगाच्या बाबतीतही जागे होते. शाहूपुरीची बाजारपेठ, राधानगरीचं धरण ही त्याच नजरेची कामं. किर्लोस्करांचा कारखाना त्यांच्या हद्दीतही नव्हता, तरी त्यांनी हात दिला.

औंधच्या राजानंही एकाच कारखान्यावर समाधान मानलं नाही. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला, तोही औंधच्याच मदतीनं. पुढं तिथला प्रभाकर कंदील घराघरांत गेला आणि त्या जागेचं नावही ओगलेवाडी झालं. एकाच रेल्वेमार्गावर, काही स्टेशनांच्या अंतरावर, एक वाडी लोखंडाची आणि एक काचेची. आजच्या भाषेत याला कॉरिडॉर म्हटलं असतं, आणि आधी फलक लागला असता. १९२२ मध्ये साताऱ्याकडं धनजीशा कूपर यांनीही नांगराचा कारखाना काढला. तो थेट स्पर्धक. पण लोखंडी नांगर हे आपल्याच भागात बनणारं साधन आहे ही गोष्ट त्यामुळं आणखी पक्की झाली, आणि ओतकाम, घासकाम येणाऱ्या माणसांची संख्या वाढली.

कंपनी आणि मासिक

युद्ध संपल्यावर कारखाना एका घराच्या ऐपतीपेक्षा मोठा झाला होता. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी नोंदवली गेली. मालकीत बाहेरच्या लोकांना भाग घेता येऊ लागला. राजाच्या मैत्रीवर आणि एका कर्जावर उभा राहिलेला धंदा आता भागधारकांना हिशेब देऊ लागला. हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. राजाचा आश्रय हा राजा असेपर्यंतचा असतो.

त्याच साली आणखी एक गोष्ट झाली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे सोलापूरचे डॉक्टर वासुदेवराव किर्लोस्कर यांचे चिरंजीव, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. सुरुवातीला ती कारखान्याची खबर होती, गिऱ्हाइकांपर्यंत पोचायचं साधन. नंतर ते मराठीतलं मोठं मासिक झालं आणि त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही आली. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचं स्थान वेगळं आहे. इथं एवढंच सांगायचं की नांगर घेणारा माणूस त्या मासिकामुळं एकदाचं गिऱ्हाईक राहिला नाही. यंत्र विकून संबंध संपत नाही, हे बेळगावच्या सायकलीपासून चालत आलेलं होतं.

लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनुराव याला १९२२ मध्ये अमेरिकेला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यांत्रिक अभियांत्रिकी शिकायला पाठवलं. स्वतः पदवी नसलेल्या, पुस्तकापेक्षा हातावर भरवसा ठेवणाऱ्या माणसानं हे केलं. कारण सरळ होतं. नांगर बघून नांगर करता येतो. पंप आणि इंजिन बघून करता येत नाही. त्यात पाण्याचा दाब, पात्याचा कोन, दोन भागांतली केसाएवढी फट, सगळं मोजून करावं लागतं. चुकलं तर यंत्र फिरतं, पण पाणी चढत नाही. शंतनुराव १९२६ मध्ये परतले. त्याच सुमारास किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागला. ऊस पिळायचे चरक, शेंगा फोडायचं यंत्र, लोखंडी फर्निचर असं बरंच काही निघत होतं, पण पंपाची गोष्ट वेगळी. बैल थकले की मोट थांबते. पंपाला तो थांबा नाही. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात पंपानं काय बदललं हे इथल्या जुन्या माणसांना विचारलं तर ते तारखेऐवजी विहिरीचं नाव सांगतात.

मग आले लेथ, म्हणजे यंत्र बनवणारी यंत्रं. नांगर शेतकऱ्याला लागतो, लेथ दुसऱ्या कारखानदाराला. ज्याला स्वतःचं वर्कशॉप टाकायचं त्याला तोपर्यंत लेथ परदेशातून मागवावा लागायचा आणि त्यात भांडवल निघून जायचं. देशात बनलेला लेथ म्हणजे दुसऱ्या दहा जणांना धंदा काढायची वाट. पुढं १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानच्या साथीनं हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही लेथ आणि इतर यंत्रहत्यारं बनवणारी कंपनी निघाली. औंध, कोल्हापूर, म्हैसूर अशी संस्थानं वेगवेगळी, पण प्रत्येकानं त्याच माणसाला आणि त्याच्या माणसांना हात दिलेला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू झाला, तेव्हा कारभार शंतनुरावांच्या पिढीकडं गेलेला होता.

या सगळ्याची एक बाजू पुस्तकांत कमी येते. लोखंडी नांगर गावात आला तेव्हा सुताराचं आणि लोहाराचं काम घटलं. बलुत्याची बांधिलकी सैल झाली. पण लोखंड समजणाऱ्या हातांना नवी जागाही मिळाली. इंजिन आणि पंप विहिरीवर बसले तसे ते दुरुस्त करणारे, सुटे भाग ओतणारे, घासणारे तालुक्याच्या गावी दुकान मांडून बसले. सांगली, कोल्हापूर, कराड पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपांची परंपरा अशा हातांतून वाढली. ज्यांनी ती वाढवली त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

१९४८

महात्मा गांधींच्या खुनानंतर १९४८ च्या फेब्रुवारीत दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लागली. ओगलेवाडीही सुटली नाही. ज्या माळावर ३८ वर्षं राबून कारखाना उभा केला, तिथं राख झाली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या वसाहतीत जात मानायची नाही असा नियम होता, तिच्यावर जातीवरून आग आली. हा विरोधाभास कडू आहे आणि त्याला गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

कारखाना पुन्हा उभा राहिला. यंत्रं दुरुस्त झाली, भट्ट्या पेटल्या. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झालं. ज्या राजानं दहा हजार रुपये आणि ३२ एकर माळ दिला होता, त्याचं राज्य संपलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९५१ मध्ये गेले. साखळीतल्या जुन्या कड्या अशा एकेक करून गळत गेल्या.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणरावांचं निधन झालं. वय ८७. बेळगावात दोन वर्षं पडून राहिलेल्या नांगराला तोवर पन्नासेक वर्षं झाली होती. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांच्या नावानं तिकीट काढलं. स्टेशनवरची पाटी त्याच्या कितीतरी आधी बदलली होती. कुंडल रोड हे नाव आता रेल्वेच्या जुन्या नकाशातच सापडतं.